गेममध्ये जुन्या वेबसारखी अक्षरं हवी आहेत? काम देण्याआधी हे वाचा

'सरकती पट्टी केली, पण ती बातम्यांच्या चॅनेलसारखी दिसतेय,' ही तक्रार आमच्याकडे नेहमी येते. पट्टी फार गुळगुळीत झालेली असते, एवढंच. इंटरनेट एक्सप्लोरर या जुन्या ब्राउझरमधल्या मार्कीला, म्हणजे वेबपानावरच्या सरकत्या मजकुराला, वेग सांगितला नाही, तर मजकूर दर 85 मिलिसेकंदांनी 6 पिक्सेल सरके. म्हणजे सेकंदाला जेमतेम बारा हिसके. आजचा गेम सेकंदाला 60 वेळा चित्र काढतो, त्यात हे हिसके विरून जातात. आम्ही ते परत आणतो. मांडणी 640 बाय 480 पिक्सेलवर करतो आणि नेमकी दुप्पट करतो. पावणेदोन पट केली की अक्षरं कुठे जाड, कुठे बारीक होतात.

लुकलुकणारा मजकूर नेटस्केप या जुन्या ब्राउझरनं आणला, फायरफॉक्सनं 2013 मध्ये काढून टाकला. फायरफॉक्समध्ये अक्षरं पाऊण सेकंद दिसत, पाव सेकंद गायब होत. हळूच विरत वगैरे नसत! वेग वाढवून मागू नका. सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगमगाट काही खेळाडूंना फिट आणू शकतो. हा इफेक्ट बंद करायचं बटण आम्ही सेटिंग्जमध्ये देतोच. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

खरी मेहनत मराठीत. गोडो या गेम बनवायच्या इंजिनात लाटेसारखी हलणारी, थरथरणारी, इंद्रधनुषी अक्षरं तयार मिळतात, पण 'क्षितिज' हा शब्द असा हलवला की शिरोरेषेचे तुकडे होतात. हाताने कोड लिहून अक्षरं सुटी केली तर आणखी पंचाईत: आपल्याला तीन अक्षरं दिसतात, संगणकाकडे सात खुणा असतात. क, हलन्त, ष, मग वेलांटी. एकेक खूण टाइपरायटरसारखी उमटवली, की आधी 'क' दिसतो, मग पाय मोडलेला 'क्', मग 'क्ष', आणि शेवटी डावीकडे वेलांटी उपटते. म्हणून उमटवताना आम्ही पूर्ण अक्षर एकदम आणतो. लाटेसाठी अख्खा शब्द चित्र म्हणून काढतो, त्याच्या एकेक पिक्सेलच्या उभ्या चिरा करतो आणि त्या वरखाली सरकवतो. शिरोरेषा तुटत नाही, कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखी हेलकावते. आमचं सगळ्यात आवडतं काम हेच.

मजकूर युनिकोडमध्ये द्या. जुन्या फाँटातली फाइल असेल तर तशीच पाठवा, बदलून आम्ही घेऊ. सोबत छापील प्रत मात्र हवी, कारण या बदलाबदलीत रफार हमखास भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो.