वेब नकाशावरील देवनागरी नावांची मोडतोड

वेब नकाशावर गावाचे, नदीचे किंवा रस्त्याचे देवनागरी नाव नीट न उमटता परकी चिन्हे, प्रश्नचिन्हे, चौकटी किंवा विस्कटलेल्या काना-मात्रा दिसणे, हा दोष आणि त्याची दुरुस्ती. बोलताना या सगळ्याला सरसकट ‘फॉन्ट फुटला’ म्हटले जाते आणि मग लोक फॉन्ट बदलत बसतात. प्रत्यक्षात फॉन्टचा दोष क्वचितच असतो. नाव सर्वेक्षणाच्या तक्त्यातून पडद्यावर येईपर्यंत अनेक हातांतून जाते. कोणत्या हातात ते बिघडले, हे बिघाडाच्या रूपावरून बहुतेक वेळा ओळखता येते.

सर्वांत नेहमीचे रूप म्हणजे रोमन चिन्हांची माळ. यूटीएफ-८ या संकेतनात, म्हणजे अक्षरे अंकांच्या रूपात साठवण्याच्या पद्धतीत (एन्कोडिंग), देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते; एक बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक अंक. पहिला बाइट नेहमी २२४, दुसरा १६४ किंवा १६५. हेच बाइट पश्चिम युरोपीय संकेतनाने वाचले, तर २२४ चा होतो डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, १६४ चे सर्वसाधारण चलनचिन्ह आणि १६५ चे जपानी येनचे चिन्ह. ‘पुणे’ या नावात प आणि ण यांचा दुसरा बाइट १६४, तर उकार आणि मात्रा यांचा १६५; म्हणून फुटलेल्या ‘पुणे’त येन दोनदा दिसतो. अशी माळ दिसली की घाबरू नये. बाइट शाबूत आहेत, फक्त वाचणाऱ्याने चुकीची किल्ली लावली आहे.

ही चूक बहुधा शेपफाइल या नकाशाच्या माहितीच्या जुन्या फाइल-प्रकारापाशी होते. तिच्यातील नावे डीबीएफ या तक्त्याच्या फाइलमध्ये असतात आणि ती कोणत्या संकेतनात आहेत हे सांगणारी सीपीजी ही चिमुकली फाइल ईमेलने पाठवताना मागे राहते. ‘यूटीएफ-८’ एवढाच मजकूर असलेली, त्याच नावाची सीपीजी फाइल शेजारी ठेवली, किंवा क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये थराच्या गुणधर्मांत एन्कोडिंग बदलले, की नावे परत येतात. दुरुस्ती इथेच करावी. फुटलेली नावे तशीच पुन्हा यूटीएफ-८ मध्ये जतन केली तर दुहेरी संकेतन होते. ते उलटवता येते, पण नेहमी पूर्ण नाही: विंडोज-१२५२ या पश्चिम युरोपीय संकेतनात १२९ आणि १४१ या जागा रिकाम्या आहेत आणि ऱ्हस्व उकार व हलन्त यांचे शेवटचे बाइट नेमके तेच आहेत. काटेकोर सॉफ्टवेअर ते टाकून देते आणि जोडाक्षरे कायमची तुटतात.

नावाच्या शेवटीच काळा चौकोन आणि त्यात प्रश्नचिन्ह दिसले, तर रकाना अपुरा पडला असे समजावे. डीबीएफमधील रकान्याची रुंदी बाइटांत मोजतात, कमाल २५४. ‘औरंगाबाद’ला २४ बाइट लागतात, ‘छत्रपती संभाजीनगर’ला ४९. ३० बाइटांच्या रकान्यात जुने नाव आरामात मावते. नवे नाव बाइट मोजून कापले, तर ‘छत्रपती सं’ आणि पुढे अर्धवट कापलेला भ उरतो. जिओपॅकेज या नव्या फाइल-प्रकारात ही अडचण नाही. नव्या कामासाठी शेपफाइल वापरूच नये, असे ठामपणे म्हणावेसे वाटते.

सगळीकडे नुसती प्रश्नचिन्हे असतील तर मात्र मूळ मजकूर गेला. एक्सेलमधून साध्या सीएसव्ही प्रकारात जतन केल्याने असे हमखास होते. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा वेगळा पर्याय निवडावा लागतो. इथे मूळ फाइल शोधण्याला पर्याय नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टांत टंकलेली नावे दिसतात निरर्थक रोमन अक्षरांसारखी. त्यांवर कोणतेही एन्कोडिंग चालत नाही, त्या-त्या फॉन्टचा परिवर्तकच लागतो.

यापुढचा दोष संकेतनाचा नाहीच, तरी त्याच्याच नावावर खपतो. ब्राउझरमध्ये नकाशा रेखाटणाऱ्या मॅपबॉक्स जीएलच्या मूळ रचनेत अक्षरांची चित्रे त्यांच्या युनिकोड क्रमांकांनुसार २५६-२५६ च्या गठ्ठ्यांत येतात. देवनागरीचा गठ्ठा २३०४ ते २५५९. प्रत्येक चिन्ह सुटे मांडले जाते. त्यामुळे ‘पिंपरी’तली पहिली वेलांटी प च्या आधी न येता नंतर पडते आणि ‘रत्नागिरी’तला त पाय मोडून उभा राहतो. खात्री करायची सोपी रीत आहे: तेच नाव क्लिक केल्यावर उघडणाऱ्या माहितीच्या खिडकीत दाखवावे. तिथे ते ब्राउझर स्वतः मांडतो. खिडकीत बरोबर आणि नकाशावर चूक, म्हणजे विदा (डेटा) निर्दोष आहे. मॅपनिकसारखी, हार्फबझ हे अक्षरे जुळवणारे सॉफ्टवेअर वापरणारी नकाशा-प्रणाली जोडाक्षरे नीट मांडते, म्हणून मराठी नावांसाठी सर्व्हरवर तयार केलेल्या चित्र-टाइल (नकाशाचे चौकोनी चित्र-तुकडे) अजूनही भरवशाच्या.

‘कऱ्हाड’ हे नाव वेगळाच त्रास देते. त्यातला ऱ एका चिन्हाने लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) अशा दोन चिन्हांनी. डोळ्याला फरक दिसत नाही, पण तालुक्यांची सीमा आणि लोकसंख्येचा तक्ता नावावरून जोडताना कऱ्हाड तेवढा रिकामा राहतो. दोन्हीकडे युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी लेखने एका ठरावीक रूपात आणणे) केले की ही दोन रूपे एक होतात. तिसरे रूप, र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असे लिहिलेले, त्यातूनही सुटते. ते स्वतंत्र शोधून बदलावे लागते.