वाईनचं बूच टेबलावर का ठेवतात?

भारी रेस्टॉरंटात वाईनची बाटली मागवली की एक छोटा विधी पार पडतो. ऑर्डर देणाऱ्याला कॅप्टन आधी लेबल दाखवतो, मग त्याच्यासमोरच बाटली उघडतो, बूच टेबलावर ठेवतो, ग्लासात घोटभर ओततो आणि थांबतो. पुष्कळांना हा नुसता थाट वाटतो. खरं तर ही मालाची तपासणी आहे आणि तिच्यामागे फ्रान्समधल्या लबाडीचा मोठा इतिहास आहे.

जुन्या फ्रेंच मेजवान्यांत पाहुण्याच्या समोर बाटली येतच नसे. पेले आणि बाटल्या बाजूच्या मेजावर असत. मागितलं की नोकर भरलेला पेला आणून देई. विक्रीतही तीच तऱ्हा. फ्रान्सच्या बोर्दो या वाईनसाठी प्रसिद्ध भागातले बहुतेक बागाईतदार वाईन पिंपांनी विकत. ती साठवायची, बाटल्यांत भरायची, लेबल डकवायचं हे काम व्यापाऱ्यांचं. मधल्या वाटेत पिंपात काय मिसळलं, ते त्यांनाच ठाऊक.

१८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेली फायलोक्सेरा नावाची कीड दक्षिण फ्रान्समध्ये शिरली. माव्याच्या जातीचा हा बारीक किडा मुळांवरच घाला घालतो, त्यामुळे बागाच्या बागा वाळल्या. १८७५ मध्ये देशात सुमारे ८४५ कोटी लिटर वाईन झाली होती. १८८९ मध्ये जेमतेम २३४ कोटी. पिणारे मात्र कमी झाले नव्हते. मग ग्रीसचे बेदाणे भिजवून, आंबवून ‘वाईन’ होऊ लागली, चोथ्यात साखरपाणी घालून दुसरा-तिसरा घाणा निघू लागला, हलक्या मालाला नामांकित गावांची नावं लागली. देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा, तसंच हे. शेवटी ताज्या द्राक्षांपासून आंबवलेली तीच वाईन, हे १८८९ मध्ये कायद्यात लिहावं लागलं. तरी भेसळ थांबेना. १९०७ मध्ये भाव कोसळल्यावर दक्षिण फ्रान्समधल्या लांगदोक भागाचे द्राक्षउत्पादक लाखोंनी रस्त्यावर आले, तिथल्या नार्बोन शहरात सैन्याच्या गोळीबारात माणसं मेली. कोणत्या गावाचं नाव कुणी लावायचं, याची पक्की राष्ट्रीय व्यवस्था १९३५ मध्ये उभी राहिली.

त्याआधी, १९२४ मध्ये, बोर्दोतल्या मूतों रोथशिल्ड या शातोच्या (म्हणजे द्राक्षबागेसह वाईन करणाऱ्या वाड्याच्या) फिलिप द रोथशिल्ड यांनी आपली सगळी वाईन शातोतच बाटलीबंद करायची ठरवली. बुचावर शातोचं नाव आणि साल उमटवण्याचं महत्त्व इथे कळतं: लेबल कुणीही चिकटवेल, आतलं बूच बदलणं अवघड. म्हणून ते समोर ठेवतात. नाव-साल लेबलशी जुळतं का आणि बूच कोरडं पडून भुगा झालंय का, एवढंच पाहायचं. हुंगून फारसं काही कळत नाही. ते ऐटीचं काम.

बाटलीच्या तोंडावरची पन्नी ओठाच्या खालून कापतात, त्यालाही कारण आहे. ती पूर्वी शिशाची असे आणि ओतताना वाईन तिला लागू नये, हा हेतू. अमेरिकेत शिशाच्या पन्नीवर १९९६ मध्ये बंदी आली. कापायची जागा तीच राहिली.

पहिल्या घोटाबद्दल विषप्रयोगाच्या कथा रंगवून सांगतात. त्या ऐकायला बऱ्या. आजचं कारण साधं आहे. बुचातून वाईनला कधी कधी ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास लागतो. त्याला कारणीभूत असलेलं टीसीए हे संयुग १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमध्ये हान्स टानर आणि सहकाऱ्यांनी शोधलं. तेव्हा कॅप्टन विचारतो ते ‘बिघडलीय का’, ‘आवडली का’ नव्हे. चव पसंत नाही म्हणून बाटली परत करायची नसते.

नाशिकच्या कित्येक बाटल्यांना आता बूचच नसतं, फिरकीचं झाकण असतं. तिथे बुचाचा कुबट वास येण्याचा प्रश्न जवळजवळ मिटतो; पहिला घोट तरीही टाळू नये. आपल्याकडे मे महिन्यात ट्रकमध्ये नाही तर एसी नसलेल्या गोदामात पडून राहिलेली वाईन उष्णतेने मरते, फळाचा ताजेपणा जाऊन मुरंब्यासारखी शिजकट लागते. असं लागलं तर बाकीच्यांचे ग्लास भरण्याआधीच कॅप्टनला सांगावं, आणि बाटली बदलून मागावी.