मोजलं तेवढंच बहिरेपण

व्हेनिस शहरात तांबटांची एक वेगळी आळी होती. तिथे छोट्या चटयांवर बसून, कंबरेत वाकून, तांबट दिवसभर तांबं ठोकत, आधी लाकडी हातोड्याने, मग लोखंडी. गलका इतका की तांबट सोडून दुसरं कुणी त्या आळीत बिऱ्हाड करायला धजत नसे. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला. तो १७०० साली निघाला आणि १७१३ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली. तांबटांचं हे वर्णन त्यातलंच. हे लोक आधी कमी ऐकू लागतात आणि म्हातारपणी ठार बहिरे होतात, असं त्याने सरळ लिहून ठेवलं. नाईल नदीच्या धबधब्यांजवळ राहणारे लोकही असेच बहिरे असतात, हा जुना दाखलाही त्याने सोबत दिला. सततच्या ठोक्यांनी कानाचा पडदा सैल पडतो, हा त्याचा कयास मात्र चुकला. पडदा बहुतेकदा शाबूत असतो, बिघाड त्याच्या बराच आत होतो.

म्हणजे मोठ्या आवाजाने कान जातात हे किमान तीनशे वर्षं छापील स्वरूपात उपलब्ध आहे. तरीही या विषयाचा इतिहास लांबलचक आहे, कारण तो शोधाचा कमी आणि मोजमापाचा जास्त आहे. किती ऐकू आलं नाही म्हणजे नुकसान झालं म्हणायचं, आणि हे ठरवायचं कुणी? प्रत्येक काळात हातात जी मोजपट्टी होती, तिने हानीची व्याख्या ठरवली. जे पट्टीवर उमटलं नाही ते ‘धंद्याचा भाग’ म्हणून सोडून दिलं गेलं.

तात्पुरता बहिरेपणा तर सगळ्यांच्याच ओळखीचा. कानठळ्या बसणं, कानात दडे बसणं हे शब्द आपल्याकडे उगाच नाहीत. १७८२ च्या एका आरमारी लढाईत ब्रिटिश ॲडमिरल रॉडनी याच्या जहाजावरून तोफांच्या ८० फैरी झडल्या आणि पुढचे १४ दिवस त्याला जवळजवळ काही ऐकू येत नव्हतं, अशी नोंद आहे. मग ऐकू यायला लागलं. दडे सुटतात, या अनुभवानेच खरा घात केला. रोज संध्याकाळी दडे बसायचे, सकाळपर्यंत सुटायचे. ते पूर्ण सुटत नाहीत हे कळायला पंधरा-वीस वर्षं लागायची. १८३१ मध्ये जॉन फॉस्ब्रोक या इंग्लिश डॉक्टरने लोहारांविषयी नेमकं हेच लिहिलं होतं: हा बहिरेपणा हळूहळू अंगावर येतो आणि साधारण चाळिशी-पन्नाशीत जाणवू लागतो.

वाफेच्या इंजिनाने हा प्रश्न आळीतून उचलून कारखान्यात नेला. बॉयलर बांधायचा म्हणजे लोखंडी पत्रे एकमेकांना रिव्हेटांनी जोडायचे. लालभडक तापवलेला रिव्हेट भोकात बसवला की बाहेरून त्यावर हातोडे पडत, आणि आतून एक माणूस तो रिव्हेट दाबून धरत असे. हा माणूस बंद लोखंडी पिंपात बसलेला, डोकं पत्र्यापासून हातभर अंतरावर. बाहेर ठोकणाऱ्यापेक्षा आत धरणाऱ्याचे कान लवकर जात, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. इंग्रजीत तर ‘बॉयलरवाल्यांचा बहिरेपणा’ हा रूढ शब्दच होऊन बसला.

ग्लासगोचे कानाचे डॉक्टर थॉमस बार यांनी १८८६ मध्ये केलेली पाहणी मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणी वाटते. त्यांनी १०० बॉयलर कामगार घेतले, १०० ओतकाम करणारे घेतले आणि १०० पोस्टमन घेतले. ओतकामात आवाज असतो पण बेताचा, आणि पोस्टमन उघड्यावर फिरणारा. तुलनेसाठी असा गट निवडायचं भान त्या काळात फार थोड्यांना होतं. ऐकू येणं मोजायला त्यांच्याकडे होतं एक खिशातलं घड्याळ. चांगल्या कानाच्या माणसाला त्याची टिकटिक ३६ इंचांवरून ऐकू यायची. कामगाराला डोळे मिटायला लावायचे, घड्याळ लांबून कानाजवळ आणत जायचं आणि कुठे ऐकू आलं ते पट्टीने मोजायचं. बॉयलरवाल्यांपैकी अनेकांच्या बाबतीत ते जवळजवळ कानाला टेकवावं लागलं.

पण बार घड्याळावर थांबले नाहीत. सभेत किंवा चर्चमध्ये बोललेलं तुम्हाला समजतं का, हेही त्यांनी विचारलं. बहुसंख्य बॉयलर कामगारांनी ते जड जातं किंवा जमतच नाही असं सांगितलं. ओतकामवाल्यांत आणि पोस्टमनांत अशी तक्रार करणारे मोजकेच निघाले. हा दुसरा प्रश्न लक्षात ठेवावा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

आत नेमकं काय बिघडतं हे एका अपघाताने दाखवलं. पंचाहत्तरीतला एक निवृत्त धातुकामगार आगगाडीखाली सापडला, कारण मागून येणारी गाडी त्याला ऐकूच आली नाही. योहानेस हाबरमन यांनी त्याच्या कानाचं हाड तपासून १८९० मध्ये निष्कर्ष छापले. आंतरकर्णात शंखासारखी वेटोळी नळी असते आणि त्या नळीत अल्फोन्सो कोर्तीने १८५१ मध्ये वर्णन केलेलं ऐकण्याचं इंद्रिय. त्यातल्या आवाजाची कंपनं टिपणाऱ्या केशपेशी, विशेषतः शंखाच्या तळाच्या वेटोळ्यातल्या, नाहीशा झाल्या होत्या, आणि त्यांना जोडलेले मज्जातंतूही. तळाचं वेटोळं म्हणजे उंच पट्टीच्या स्वरांची जागा. एका कानात अशा केशपेशी सुमारे १५ ते १६ हजारच असतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांत उगवतात, हे १९८८ मध्ये सिद्ध झालं. सस्तन प्राण्यांना ती सोय नाही.

१९२० च्या दशकात विजेवर चालणारा ऑडिओमीटर आला, आणि आवाज मोजायला डेसिबल हे एककही त्याच दशकात टेलिफोनच्या प्रयोगशाळांतून आलं. आता प्रत्येक पट्टीचा स्वर वेगळा ऐकवून, तो किती बारीक असला तरी ऐकू येतो हे कागदावर आखता येऊ लागलं. गोंगाटात काम करणाऱ्यांच्या आलेखात एक ठरावीक खड्डा दिसू लागला. खालच्या पट्टीत रेघ सरळ, ४००० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला ४००० कंपनांच्या) आसपास एकदम खोल घसरण, त्याच्यापुढे पुन्हा थोडी वर. कानाची बाहेरची नळीच ३००० हर्ट्झच्या जवळपासचा आवाज फुगवून आत पाठवते आणि इजा त्याच्या थोडी वर उमटते, हे त्याचं एक कारण. सुरुवातीला हा खड्डा माणसाला जाणवतही नाही. पुढे तो रुंदावत खाली सरकतो तेव्हा आधी स, श, थ, फ यांसारखी व्यंजनं पुसट होतात. ‘सात’ म्हटलं की ‘हात’ ऐकू येतो. आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, ही तक्रार तिथून सुरू होते. घरच्यांना मात्र वाटतं, लक्ष नाही.

कापड गिरण्यांतल्या कामगारांनी यावर आपला तोडगा काढला होता. लँकेशायरच्या विणकर बायका धडधडत्या मागांमध्ये उभ्या राहून, तोंडाची हालचाल ठळक करून, ओठांवरून एकमेकींचं बोलणं वाचत. या बोलण्याला ‘मी-मॉ’ असं नावही होतं. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या ताग गिरण्यांतल्या विणकर बायकांची रीतसर तपासणी होऊन अहवाल आला तो १९६५ मध्ये, म्हणजे गिरण्या सुरू होऊन शतक उलटल्यावर.

दोन्ही महायुद्धांनी कान बहिरे केले आणि त्याचबरोबर संशोधनाला पैसाही आणला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हॅलोवेल डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी माणसांच्या कानांवर मुद्दाम प्रचंड आवाज सोडून तात्पुरता बहिरेपणा कसा चढतो-उतरतो ते नोंदवलं. जेट इंजिनं आल्यावर तर दुर्लक्ष करणं अशक्य झालं. अमेरिकी हवाई दलाने १९५६ मध्ये कान वाचवण्यासाठी सविस्तर नियमावली काढली. साध्या कारखान्यांना असा नियम मिळायला आणखी तेरा वर्षं लागायची होती.

दरम्यान भांडण कोर्टात पोचलं होतं. अमेरिकेतले नुकसानभरपाईचे कायदे मजुरी बुडण्यावर बेतलेले होते. हात तुटला तर मजुरी बुडते. कान गेले तर? बहिरा झालेला घणकामगार दुसऱ्या दिवशी त्याच घणावर, त्याच पगारावर हजर. मग नुकसान कुठे झालं, असा मालकांचा युक्तिवाद असे. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने आणि १९५३ मध्ये विस्कॉन्सिनच्या न्यायालयाने तो फेटाळला. पगार चालू असला तरी गेलेले कान भरपाईला पात्र ठरले.

यानंतर जे झालं ते या विषयातलं सर्वांत बोलकं प्रकरण. दाव्यांचा लोंढा येणार म्हणून कायद्यात एक अट घातली गेली: गोंगाटापासून सहा महिने दूर राहिल्यावरच दावा करता येईल. तात्पुरता बहिरेपणा ओसरू द्यावा, हे कारण वैद्यकीयदृष्ट्या बरोबरच होतं. पण जो माणूस त्याच कारखान्यात राबतोय त्याने सहा महिने दूर राहायचं कसं? थोडक्यात, नोकरी सोडा नाहीतर निवृत्त व्हा, मग कानांचं बोला.

दुसरी मेख सूत्रात होती. श्रवणहानीची टक्केवारी काढण्यासाठी १९५९ मध्ये अमेरिकी कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने जे सूत्र मान्य केलं, त्यात ५००, १००० आणि २००० हर्ट्झ या तीनच स्वरांची सरासरी घेतली जाई. गोंगाट ज्या ४००० हर्ट्झवर पहिला घाव घालतो, तो स्वर हिशेबातच नाही! शांत खोलीत समोरासमोर बोललेलं वाक्य समजायला हे तीन स्वर पुरतात, असा त्यामागचा विचार. १९७९ मध्ये ३००० हर्ट्झची भर पडली. एखाद्याच्या आलेखात केवढाही खड्डा असो, सूत्राच्या भाषेत त्याचे कान शाबूत असू शकत होते.

मर्यादा ठरवतानाही तेच. अमेरिकेत १९६९ मध्ये सरकारी कंत्राटं घेणाऱ्या कारखान्यांना आणि लगेच पुढे बहुतेक उद्योगांना आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा लागू झाली. लोक हा आकडा ‘इथपर्यंत सुरक्षित’ असा वाचतात. तो तसा नव्हता. खर्च, यंत्रं आणि कान यांच्यातली ती तडजोड होती. अमेरिकेच्याच नायॉश या संशोधन संस्थेने १९७२ मध्ये ८५ ची शिफारस केली. पुढे १९९८ मध्ये तिने जो हिशेब मांडला त्यानुसार, आयुष्यभराच्या नोकरीत ९० डेसिबलला दर चारांतल्या एका कामगाराच्या ऐकण्यात गोंगाटामुळे लक्षणीय घट येते. ८५ ला हे प्रमाण सुमारे ८ टक्के, म्हणजे तिथेही शून्य नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९७४ मध्ये, सगळ्यांचेच कान वाचवायचे तर चोवीस तासांची सरासरी ७० च्या आत हवी, असं म्हटलं होतं.

यात आणखी एक बारीक वाटणारा वाद आहे, पण त्याचा परिणाम मोठा. डेसिबल ३ ने वाढला की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करावा, असं बहुतेक देशांचं म्हणणं. अमेरिकी कायदा दर ५ डेसिबलला वेळ निम्मा करतो, कारण कामात अधूनमधून शांतता मिळते असं त्यात गृहीत धरलेलं. आता १०० डेसिबलच्या यंत्रापाशी उभा असलेला माणूस घ्या. ९० ची मर्यादा आणि ५ चा नियम लावला तर तो तिथे दोन तास थांबू शकतो. ८५ आणि ३ लावले तर १५ मिनिटं. यंत्र तेच, कान तेच.

कारखान्याबाहेरच्या जगाकडे लक्ष उशिरा गेलं. सॅम्युएल रोझेन यांनी तेव्हाच्या सुदानमधल्या माबान लोकांचे कान तपासून १९६२ मध्ये लिहिलं की तिथल्या सत्तरीतल्या माणसांचं ऐकणं औद्योगिक देशांतल्या कितीतरी तरुण माणसांच्या तोडीचं आहे. आहार, रक्तवाहिन्या, आनुवंशिकता असे बरेच घटक त्यात असू शकतात, त्यामुळे सगळं श्रेय शांततेला देता येत नाही. पण ‘वय झालं की ऐकू कमी येणारच’ या समजुतीला त्याने तडा गेला. १९७९ मध्ये वॉकमन आला आणि गोंगाट हा कामाबरोबर करमणुकीचाही भाग झाला. संगीतालाही तोच नियम लागतो हे कायद्याने मान्य व्हायला वेळ लागला. लंडनमध्ये २०१८ साली एका व्हायोलावादकाने ऑपेरा संस्थेविरुद्ध दावा जिंकला. २०१२ च्या सरावात मागच्या तुतारीवाल्यांच्या आवाजाने त्याचे कान दुखावले होते. सुंदर कलाकृतीसाठी हा आवाज अपरिहार्य असतो, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाबरोबर मोबाइल आणि हेडफोनसाठी जो मानक काढला, त्यात मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल असा कोटा आहे.

आणि मोजपट्टीचा प्रश्न २००९ मध्ये पुन्हा उघडा पडला. शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. काही दिवसांत त्यांचे आलेख पूर्ववत झाले. केशपेशीही जागच्या जागी. जुन्या समजुतीप्रमाणे दडे सुटले, इजा नाही. पण त्या केशपेशींना मज्जातंतूंशी जोडणारे सांधे मोजले, तर शंखाच्या काही भागांत ते निम्म्याच्या आसपास कायमचे गेलेले. माणसात हे किती प्रमाणात घडतं यावर अजून वाद चालू आहे. उरलेले सांधे बारीक स्वर ऐकायला पुरतात, गर्दीतलं बोलणं वेगळं काढायला अपुरे पडत असावेत, असा अंदाज आहे. नेहमीची चाचणी शांत केबिनमध्ये, एकेक शुद्ध स्वर ऐकवून होते, त्यामुळे ही हानी तिथे दिसत नाही. ती शोधायची तर गलक्यात वाक्यं ऐकवून विचारावं लागतं, आणि बार यांचा सभेबद्दलचा प्रश्न याच जातीचा होता.