अस्थिरोपणांवरील जंतुरोधक लेप

मोडलेले हाड जोडण्यासाठी किंवा झिजलेला सांधा बदलण्यासाठी शरीरात बसवलेल्या धातूच्या रॉड, प्लेट, स्क्रू आणि सांध्याच्या दांड्यांवर दिलेला थर. या थराने जंतूंना तिथे बस्तान बसवू द्यायचे नसते, पण हाडाच्या पेशींना मात्र बसू द्यायचे असते. दोन्ही कामे एकाच थराकडून करून घ्यायची, यातच सगळी अडचण आहे. जंतू मारणारे द्रव्य थोडे जास्त झाले की हाड तयार करणाऱ्या पेशीही मरतात आणि कमी पडले तर जंतू त्याला सरावतात.

शरीरात धातू असला की थोडेसे जंतूही भारी पडतात. एलेक आणि कोनेन या संशोधकांनी १९५७ मध्ये दाखवले की माणसाच्या त्वचेत पू व्हायला काही दशलक्ष स्टॅफिलोकॉकस जंतू लागतात, पण त्याच जागी रेशमी टाका असेल तर काही शे जंतूही पुरतात. धातूवर चिकटलेले जंतू स्वतःभोवती चिकट पटल, म्हणजे बायोफिल्म, विणतात. पटलाच्या आतल्या जंतूंना मारायला मोकळ्या जंतूंच्या शंभर ते हजार पट औषध लागू शकते, आणि रक्तातून एवढी मात्रा पोचवणे शक्य नसते. अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये याला ‘पृष्ठभागासाठीची शर्यत’ म्हटले. जंतू मिनिटांत चिकटतात आणि पटल काही दिवसांत पक्के होते. हाड धातूशी जुळायला मात्र आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून चांगल्या लेपाने पहिल्या काही तासांत आणि दिवसांत जोराने काम करावे, मग बाजूला व्हावे. महिनोन्‌महिने थेंबथेंब औषध सोडणारा लेप ऐकायला बरा वाटतो, पण मारक पातळीच्या खाली गेलेले औषध प्रतिकारक्षम जंतू वाढवते.

हाडाला जवळचे लेप : टायटॅनियमवर हाड आपणहून जुळते. त्याला अधिक वेग यावा म्हणून हायड्रॉक्सिॲपटाइटचा थर देतात. हे हाडातल्या खनिजासारखेच कॅल्शियम-फॉस्फेट आहे आणि त्यात कॅल्शियम व फॉस्फरसचे अणुप्रमाण १.६७ असते. खुब्याच्या दांड्यांवर हा थर १९८० च्या दशकाच्या मध्यापासून वापरात आहे. कारखान्यात तो बहुधा प्लाझ्मा फवाऱ्याने चढवतात. आधी धातूवर ॲल्युमिनाच्या कणांचा मारा करून पृष्ठभाग खडबडीत करतात, अडकलेले कण आणि तेलकटपणा धुऊन काढतात, मग आर्गॉन-हायड्रोजनच्या ज्योतीतून भुकटी अर्धवट वितळवून फेकतात. एका फेरीत पातळ थर बसतो, अशा अनेक फेऱ्यांत ५० ते १५० मायक्रॉन जाडी होते.

बिघाड बहुतेक इथेच होतो. ज्योत जास्त तापली तर हायड्रॉक्सिॲपटाइट फुटून ट्रायकॅल्शियम फॉस्फेट आणि चुना तयार होतो, थंड होण्याचा वेग फार असेल तर स्फटिक न बनता काचेसारखा थर राहतो. असा थर शरीरात लवकर विरघळतो आणि खालून सुटतो. जाडी वाढवली की आतला ताण वाढतो, थर तडकतो. आयएसओ १३७७९-२ या मानकात चिकटण्याची सरासरी ताकद किमान १५ मेगापास्कल आणि स्फटिकांश किमान ४५ टक्के लागतो, तो याचसाठी. शिवाय हायड्रॉक्सिॲपटाइट स्वतः जंतुनाशक नाही. खडबडीत पृष्ठभाग हाडाला आवडतो, तसाच जंतूंनाही. केवळ ‘हाडाला पूरक’ म्हणून विकला जाणारा लेप संसर्गाच्या बाबतीत तटस्थही असेलच असे नाही. म्हणून त्यात चांदी, जस्त किंवा प्रतिजैविक मिसळण्याचे प्रयत्न होतात.

प्रयोगशाळेत स्वस्तात ॲपटाइट चढवण्याची जुनी रीत जपानी संशोधक कोकुबो यांची आहे. टायटॅनियम ५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ६० अंश सेल्सियसला २४ तास ठेवतात, धुऊन ६०० अंशांवर तासभर तापवतात, मग ३६.५ अंशांच्या कृत्रिम शरीरद्रवात, म्हणजे रक्तद्रवासारखे क्षार असलेल्या पाण्यात, बुडवतात. या द्रवाचा पीएच ७.४०, सोडियम १४२, पोटॅशियम ५, मॅग्नेशियम १.५ आणि कॅल्शियम २.५ मिलिमोल असते. क्षार घालण्याचा क्रम पाळावाच लागतो. सोडियम क्लोराइड, बायकार्बोनेट, पोटॅशियम क्लोराइड, फॉस्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड, मग हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि त्यानंतरच कॅल्शियम. कॅल्शियम आम्लाआधी पडले तर भांड्यातच गढूळपणा येतो आणि तो घोळ फेकून द्यावा लागतो. काचेऐवजी प्लॅस्टिकचे, ओरखडे नसलेले भांडे घ्यावे, कारण ॲपटाइट ओरखड्यांवर आधी धरते. इंदूरच्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच येते. ते इथे चालत नाही, ऊर्ध्वपातित आणि आयनमुक्त पाणीच लागते.

जंतू मारणारे लेप : यातली सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वांत भरवशाची युक्ती म्हणजे प्रतिजैविक मिसळलेले अस्थिसिमेंट (पावडर आणि द्रव कालवल्यावर घट्ट होणारे, कृत्रिम सांधा हाडात पक्का करायचे द्रव्य). बुखहोल्ट्‌स आणि एंगेलब्रेख्ट यांनी हॅम्बुर्गमध्ये १९७० मध्ये ती मांडली. आज इंदूरसारख्या शहरात नडगीच्या जुनाट संसर्गावर शल्यचिकित्सक सिमेंटचा लेप दिलेला रॉड स्वतः थिएटरात बनवतात, त्याची कृती अशी. ४० ग्रॅम सिमेंट पावडरमध्ये २ ते ४ ग्रॅम व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाची भुकटी आधी कोरडीच नीट मिसळायची. पाकिटातच जेन्टामायसिन हे दुसरे प्रतिजैविक असलेले सिमेंट बरे. इंजेक्शनचे पातळ जेन्टामायसिन ओतायचे नाही, त्याने सिमेंट नीट धरत नाही. छातीत घालायच्या नळीला आतून निर्जंतुक लिक्विड पॅराफिन लावून ठेवायचे. सिमेंटबरोबरचा द्रव घातला की ते पातळ असतानाच, कणकेसारखे होण्याआधी, सिमेंट-गनने नळीत भरायचे आणि मधोमध तार किंवा बारीक रॉड सारायचा. मग नडगीच्या वळणाप्रमाणे हलका बाक द्यायचा, घट्ट झाल्यावर ब्लेडने नळी उभी कापून सोलायची. तयार रॉडची जाडी हाडात कोरलेल्या पोकळीपेक्षा १ ते २ मिलिमीटर कमी हवी.

ही कृती फसते ती तीन ठिकाणी. मे महिन्यात थिएटरचा एसी कमी पडला तर सिमेंट लवकर आवळते आणि नळी अर्धीच भरते, म्हणून द्रवाची कुपी आधी थंड ठेवणे शहाणपणाचे. नळीत हवा अडकली तर त्या जागी रॉड मोडतो. तिसरी गोष्ट कळते ती काढताना, सहा आठवड्यांपासून तीन महिन्यांनी. गुळगुळीत तार ओढली की तार हातात येते आणि सिमेंट आतच राहते. त्यासाठी आटे पाडलेला रॉड किंवा शेवटी मणी असलेली तार घ्यावी आणि वरच्या टोकाला ओढायला आकडा करून ठेवावा. सिमेंट घट्ट होताना तापते, त्यामुळे उष्णता सहन करणारीच औषधे यात चालतात, कुठलेही प्रतिजैविक नाही. आणि हा लेप हाड जुळवत नाही. तो जंतू मारतो आणि मग काढून टाकला जातो.

कारखान्यातून तयार येणाऱ्या प्रतिजैविक लेपांत पॉलिलॅक्टाइड या शरीरात विरघळणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये मिसळलेले जेन्टामायसिन नडगीच्या रॉडवर युरोपात वापरले गेले. त्यातले बरेच औषध पहिल्याच दिवशी सुटते. पहिले काही तास निर्णायक असल्यामुळे ही उणीव मानू नये. इटलीत विकसित झालेला हायल्युरॉनिक आम्ल-पॉलिलॅक्टाइडचा जेल मात्र थिएटरातच औषधाबरोबर कालवून रोपणावर लावतात आणि तो सुमारे ७२ तासांत विरघळतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३८० सांधेरोपणांपैकी जेल वापरलेल्या गटात संसर्ग ०.६ टक्के आणि न वापरलेल्या गटात ६ टक्के होता.

चांदीचा थर हाडाच्या गाठीच्या (ट्यूमरच्या) शस्त्रक्रियेत बसवायच्या मोठ्या कृत्रिम भागांवर देतात. जर्मनीतील म्युन्स्टरच्या २०१० च्या अहवालात साध्या टायटॅनियमवर १७.६ टक्के, तर चांदीच्या थरावर ५.९ टक्के संसर्ग दिसला. हाडाच्या पोकळीत शिरणाऱ्या दांडीवर चांदी चढवत नाहीत, कारण तिथे हाड जुळायला हवे असते. शुद्ध पाण्यातल्या चाचणीत चांदी जोरदार ठरते, पण शरीरात क्लोराइड आणि प्रथिने तिला बांधून ठेवतात, म्हणून रक्तद्रव घालून केलेल्या चाचणीवरच विश्वास ठेवावा. जपानमधल्या कानाझावा इथे ॲनोडायझिंग केलेल्या, म्हणजे द्रवात वीज देऊन ऑक्साइडचा थर चढवलेल्या, टायटॅनियमच्या सच्छिद्र ऑक्साइडमध्ये आयोडीन भरतात. त्याचा जंतूंवर व्यापक परिणाम असतो, थायरॉइडवर मात्र नजर ठेवावी लागते.

टायटॅनियमवर फ्लोराइडयुक्त द्रवात १० ते २० व्होल्टने नॅनोनळ्या, म्हणजे अतिसूक्ष्म नळ्या, उगवून त्यांत औषध भरण्याची पद्धत शोधनिबंधांत खूप गाजते. नळ्या ४५० अंशांवर तापवल्या नाहीत तर त्या कच्च्या राहतात. तापवल्या तरी रॉड हातोडीने ठोकताना किंवा स्क्रू पिळताना त्या पापुद्र्यासारख्या निघतात. थर ठोकाठोकीत टिकतो का, हा प्रश्न फार कमी शोधनिबंध विचारतात.

चाचण्या : पेट्री डिशमध्ये लेपाभोवती मोकळे वर्तुळ दिसणे पुरेसे नाही. ते फक्त औषध आगरमध्ये पसरले एवढेच सांगते. आयएसओ २२१९६ मध्ये २४ तासांनी उरलेले जंतू मोजतात. त्याच लेपाच्या अर्कात पेशी वाढवून आयएसओ १०९९३-५ प्रमाणे जिवंतपणा ७० टक्क्यांच्या खाली गेला, तर लेप पेशींना विषारी मानतात. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात, एकाच मात्रेला दिलेले नसतील तर त्या लेपाबद्दल मत बनवू नये.

निर्जंतुकीकरण : पॉलिलॅक्टाइडचा लेप असलेले रोपण ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या निर्जंतुकीकरण यंत्रात, टाकता येत नाही. ते ५०-६० अंशांच्या आसपासच मऊ पडते आणि ऑटोक्लेव्ह १२१ किंवा १३४ अंशांचा असतो. रुग्णालयातल्या स्टोअरमध्ये चुकून असे झाले तर थर वितळून ट्रेला चिकटतो. पर्याय म्हणजे इथिलीन ऑक्साइड वायू किंवा विकिरण, विकिरणाची प्रचलित मात्रा २५ किलोग्रे.

इंदूरमध्ये राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राची १० एमईव्हीची इलेक्ट्रॉन-किरण सुविधा देवी अहिल्याबाई होळकर फळ-भाजी मंडी संकुलात आहे. ती मूळ शेतमालासाठी उभारली, पण वैद्यकीय उपकरणांच्या निर्जंतुकीकरणासाठीही तिचा उपयोग होतो. कांद्या-बटाट्यांच्या मंडीत शस्त्रक्रियेचे सामान निर्जंतुक होते, हे इथे राहणाऱ्यांनाही सहसा माहीत नसते. गॅमा किरण जाड धातूतून आरपार जातात, पण इलेक्ट्रॉन पोलादात सेंटीमीटरभरही शिरत नाहीत. त्यामुळे खोक्यात एकावर एक रचलेल्या रॉडच्या सावलीतला भाग कोरडा राहतो. माल एका थरात मांडून दोन्ही बाजूंनी किरण द्यावे लागतात आणि मात्रामापक पट्ट्या सर्वांत आतल्या जागी ठेवाव्या लागतात. पॉलिलॅक्टाइडची साखळी विकिरणाने तुटते, म्हणून मात्रा वाढवून ‘जास्त सुरक्षित’ करण्याच्या मोहात औषध ठरल्यापेक्षा लवकर सुटते. त्याच केंद्रातल्या इंडस-२ या २.५ जीईव्ही सिंक्रोट्रॉनच्या (इलेक्ट्रॉन वेगाने गोल फिरवून क्ष-किरण काढणाऱ्या यंत्राच्या) क्ष-किरणांनी लेपातला प्रत्येक घटक स्फटिक आहे की नाही आणि किती खोलवर आहे, हे पाहता येते.

वापर : उघड्या अस्थिभंगात जखम नीट धुणे, मेलेले मांस-हाड काढणे आणि पहिले प्रतिजैविक शक्य तर तासाभरात देणे हे आधी येते. झाबुआ किंवा खरगोनहून रात्रभराच्या प्रवासाने इंदूरला पोचलेल्या रुग्णाच्या जखमेवर लेपाची भिस्त ठेवून धुण्यात कसर केली, तर लेप चढवूनही संसर्ग होतो. खर्चाच्या दृष्टीने लेपाचा फायदा सर्वांना सारखा नसतो. साध्या बंद अस्थिभंगात संसर्ग दर १ ते २ टक्के इतकाच असल्यामुळे तिथे महाग लेप घालायला फारसे कारण नाही. उघडे भंग, मधुमेही रुग्ण, पुन्हा बदलायचा सांधा आणि गाठीनंतरचे रोपण इथे तो विचारात घ्यावा.

भारतात अस्थिरोपणे वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली येतात. औषध असलेला लेप जास्त जोखमीच्या वर्गात पडत असल्यामुळे त्याचा परवाना केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडून घ्यावा लागतो. थिएटरात स्वतः बनवलेल्या सिमेंटच्या रॉडला कोणताही लॉट क्रमांक नसतो. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या नोंदीत सिमेंटच्या पाकिटाचा क्रमांक, औषधाचे नाव व ग्रॅम आणि आतल्या तारेचा प्रकार लिहून ठेवावा, कारण तीन महिन्यांनी तो रॉड काढणारा डॉक्टर दुसराच असू शकतो.