सोडण्याचे नियम आणि वापरायचे पाणी: सांडपाण्याच्या पुनर्वापराच्या कायद्याची पार्श्वभूमी

जलप्रदूषणाचा कायदा महाराष्ट्राने केंद्राच्या आधी केला. राज्याचा कायदा १९६९ चा, त्याखालचे प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० चे. केंद्राचा जल कायदा १९७४ मध्ये आला. दोन्हींचा रोख एकच होता: नदीनाल्यात काय सोडायचे आणि किती. १९७४ च्या कायद्यातल्या कलम १७ मध्ये, राज्य मंडळाच्या कामांच्या यादीत, सांडपाणी शेतीत वापरण्याच्या पद्धती विकसित करा असे एक पोटकलम मात्र आहे. ते पुढे फारसे कोणी उघडून पाहिले नाही. नंतरचे निकष सोडण्यासाठी लिहिले गेले आणि वापरणाऱ्यांनी तेच चालवून घेतले. आजच्या बहुतेक अडचणी इथून सुरू होतात.

पर्यावरण संरक्षण कायद्याखालचा सर्वसाधारण निकषांचा तक्ता १९ मे १९९३ चा. त्यात पाणी कुठे जाणार यानुसार वेगवेगळे रकाने आहेत. नदीत किंवा तलावात सोडायचे तर बीओडी (पाण्यातला सेंद्रिय कचरा कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) लिटरमागे ३० मिलिग्रॅमपर्यंत आणि तरंगते घन पदार्थ १०० पर्यंत; सिंचनासाठी जमिनीवर सोडायचे तर बीओडी १०० आणि घन पदार्थ २०० पर्यंत. शेतीची मर्यादा नदीपेक्षा सैल, कारण जमीन सेंद्रिय भार पचवते हे गृहीत होते आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण या तक्त्यात विष्ठाजन्य जिवाणूंचा रकानाच नव्हता. विषारीपणा तपासायला मासा होता: सांडपाण्यात ९६ तासांनी ९० टक्के मासे जगले पाहिजेत. त्याच पाण्यावरची कोथिंबीर किंवा मुळा कच्चा खाणाऱ्या माणसासाठी काहीच नव्हते.

आणखी एक गोष्ट तक्ता वाचून कळत नाही. आपल्याकडे बीओडीची चाचणी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस चालते. नदीत सोडताना उशिरा आलेला अहवाल हा हिशोबाचा भाग असतो. पुनर्वापरात मात्र अहवाल हाती पडेपर्यंत ते पाणी फ्लशमधून किंवा पाटातून निघून गेलेले असते. म्हणून पुनर्वापराच्या केंद्रावर गढूळपणा आणि शिल्लक क्लोरीन हे दोन आकडे जास्त कामाचे, कारण ते मिनिटात मिळतात. कायद्याचा भर मात्र बीओडीवरच राहिला.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये सिंचनासाठी दोन निकष एकत्र दिले होते: कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी १०० मिलिलिटरमागे १,००० पर्यंत विष्ठाजन्य जिवाणू आणि लिटरमागे जंताचे जास्तीत जास्त एक अंडे. जोडी महत्त्वाची होती. क्लोरीन जिवाणू मारते, जंतांच्या अंड्यांवर त्याचा परिणाम जवळजवळ होत नाही. ती खाली बसवून किंवा गाळूनच काढावी लागतात. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या अभियंत्यांच्या २०१३ च्या सांडपाणी मार्गदर्शिकेत वापरानुसार वेगळा तक्ता आला. फ्लशसाठी गढूळपणा २ एनटीयूपेक्षा (गढूळपणाचे एकक) कमी, बीओडी १०, शिल्लक क्लोरीन किमान १ मिलिग्रॅम. कच्च्या खायच्या पिकांसाठी विष्ठाजन्य जिवाणू शून्य आणि जंताची अंडी लिटरमागे एकापेक्षा कमी. तक्ता चांगला आहे, पण ती मार्गदर्शिका आहे. ती मोडली म्हणून कोणाला नोटीस निघत नाही.

नोटीस निघू शकेल अशी अधिसूचना १३ ऑक्टोबर २०१७ ला निघाली. तिच्या आधी, नोव्हेंबर २०१५ च्या मसुद्यात, बीओडी १०, घन पदार्थ २०, एकूण नायट्रोजन १० आणि विष्ठाजन्य जिवाणू १०० असे कडक आकडे होते. अंतिम अधिसूचनेत महानगरांसाठी बीओडी २०, इतरत्र ३०. घन पदार्थ ५० आणि १००. जिवाणू १,००० झाले. नायट्रोजन आणि मसुद्यातला सीओडी (रासायनिक चाचणीने मोजलेली प्राणवायूची गरज) गायब. तळटीप सांगते की पुनर्वापराला उत्तेजन द्यावे आणि माणसाचा संपर्क येण्याची शक्यता असेल तिथे हेच निकष लागू. म्हणजे नदीत सोडायचे आणि शौचालयाच्या टाकीत भरायचे पाणी एकाच मापाने मोजायचे. जंतांच्या अंड्यांचा उल्लेख इथेही नाही. ही शिथिलता राष्ट्रीय हरित लवादासमोर गेली. ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात लवादाने बीओडी १०, घन पदार्थ २०, विष्ठाजन्य जिवाणू जास्तीत जास्त २३० असे आकडे दिले. तेव्हापासून सल्लागार नवी शुद्धीकरण केंद्रे १० बीओडी धरून आखू लागले. जुनी केंद्रे ३० साठी बांधलेली, त्यांना गाळणी आणि नायट्रोजन काढण्याचा टप्पा नव्याने जोडावा लागतो.

शेतीकडे जाणाऱ्या पाण्याचे राज्यातले सर्वांत मोठे आणि सर्वांत वादग्रस्त उदाहरण पुण्याचे. खडकवासला प्रकल्पातून वर्षाला साडेअकरा टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी घेण्याच्या बदल्यात साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेले पाणी शेतीला परत द्यायचे, असा महापालिका आणि जलसंपदा विभागाचा करार होता. मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीतून पाणी उपसायची विहीर) ते साडेसतरा नळी या गावाजवळ जुन्या बेबी कालव्यात चढवतात. पुढे हवेली आणि दौंडची शेते. साडेसहा टीएमसी म्हणजे रोजचे सुमारे ५०४ दशलक्ष लिटर. पण जॅकवेल नदीवर आहे. शुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी निकष पाळला तरी वाटेत प्रक्रिया न झालेले नाले त्यात मिसळतात, आणि कालव्यात पडणाऱ्या पाण्यासाठी वेगळे माप कोणी ठरवलेले नाही. शेतकऱ्याची तक्रार आणि महापालिकेचा अहवाल दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात ते यामुळे.

शेतात दोन गोष्टी बिघडतात. पहिली क्षार. नेहमीच्या जैविक प्रक्रियेने विरघळलेले क्षार कमी होत नाहीत, आणि निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत ते साठतात. दुसरी नायट्रोजन. लिटरमागे ३० मिलिग्रॅम नायट्रोजन असलेले १०,००० घनमीटर पाणी एका हेक्टरला दिले, तर ३०० किलो नायट्रोजन जातो. सुरू हंगामातल्या उसाची शिफारसच हेक्टरी २५० किलोची. वर युरिया टाकला की ऊस शेवटपर्यंत हिरवा राहतो, लोळतो आणि साखर उतारा घटतो. ही वजाबाकी शेतकऱ्याला सांगणारा एकही नियम नाही.

उद्योगाच्या बाजूने गोष्टी जरा सरळ झाल्या, कारण तिथे पैसे कोण देणार हे लिहिले गेले. २८ जानेवारी २०१६ च्या वीजदर धोरणाने सांडपाणी केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांना ते पाणी सक्तीचे केले आणि खर्च वीजदरात धरायला मुभा दिली. त्याच्या आदल्याच महिन्यात पर्यावरण मंत्रालयाने जुन्या औष्णिक केंद्रांना मेगावॉट-तासामागे साडेतीन घनमीटर पाण्याची मर्यादा घातली होती. नागपूरने हे आधीच सुरू केले होते: भांडेवाडीचे रोज १३० दशलक्ष लिटरचे शुद्धीकरण केंद्र कोराडीच्या औष्णिक केंद्रासाठी बांधले. कोराडीचे ६६० मेगावॉटचे तीन संच पूर्ण भाराने चालले आणि पाणी मेगावॉट-तासाला ३ घनमीटर धरले, तर दिवसाला सुमारे १४३ दशलक्ष लिटर लागतात. म्हणजे शहराचे सांडपाणी आणि वीज केंद्राची तहान इथे जवळपास जुळतात. वीज केंद्राचे गरम पाणी थंड करणाऱ्या शीतमनोऱ्यात खरा त्रास बीओडीचा नसतो. अमोनियाने तांब्याच्या मिश्रधातूच्या नळ्या झिजतात, फॉस्फेट कॅल्शियमबरोबर पापुद्रा धरते. म्हणून अशा करारात अमोनिया आणि फॉस्फेटच्या मर्यादा प्रदूषण मंडळाच्या निकषांपेक्षा बारकाईने लिहाव्या लागतात.

इमारतींवरची सक्ती २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेतून आली: २०,००० चौरस मीटर बांधकामापासून पुढे मंजुरीच्या अटींत शुद्धीकरण केंद्र आणि दुहेरी नळजोडणी (ताज्या आणि प्रक्रिया केलेल्या पाण्याचे वेगळे नळ) येते. इथला हिशोब बहुतेक सोसायट्यांना हस्तांतरणानंतर कळतो. माणशी रोज १३५ लिटर पाण्यातून साधारण १०८ लिटर सांडपाणी बनते, फ्लशला लागतात ४५. उरलेले ६० च्या आसपास लिटर बागेत जायचे. जून ते सप्टेंबर बागेला पाणी नको असते आणि टाकी भरून वाहते. त्यात वीजबिल वाचवायला रात्री ब्लोअर (टाकीत हवा सोडणारी यंत्रे) बंद ठेवले की प्राणवायूविना जिवाणू मरतात, अमोनिया वाढतो, आणि एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला आठ ते दहा मिलिग्रॅम क्लोरीन लागत असल्याने नेहमीच्या डोसात मोकळे क्लोरीन उरतच नाही. रहिवाशांना कळतो तो फक्त फ्लशचा वास.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने द्रव कचरा व्यवस्थापन नियमांचा मसुदा काढला. दिवसाला ५,००० लिटरहून जास्त पाणी वापरणाऱ्यांवर ठरावीक हिस्सा पुनर्वापराची जबाबदारी टाकण्याचा त्यात प्रस्ताव होता. नियमांचा प्रश्न ‘किती स्वच्छ सोडले’ वरून ‘किती वापरले’ वर सरकतो तो इथे. मग एक मीटर केंद्राच्या आत येणाऱ्या नळावर असून भागणार नाही. फ्लशची वरची टाकी, बागेची जोडणी आणि गटारात सोडायची वाट, तिन्हीकडे वेगळे मीटर लागतील, आणि त्यांच्या नोंदी ठेवायचे काम केंद्र चालवणाऱ्या ठेकेदाराच्या करारात आधी लिहावे लागेल.