‘सीं’ आणि ‘पोइश’: पोर्तुगीजमधले दोन होकार

पोर्तुगीजचे प्राथमिक पुस्तक ‘सीं’ म्हणजे ‘हो’ असे शिकवते. ते चूक नाही, पण लिस्बनमधल्या माणसांचे बोलणे पाच मिनिटे ऐकले तर ‘सीं’पेक्षा ‘पोइश’ हाच शब्द कानावर अधिक पडतो, आणि नवशिक्या त्यालाही ‘हो’च समजून वापरू लागतो. घोटाळा तिथे सुरू होतो.

‘सीं’ हे प्रश्नाचे उत्तर आहे. ‘पोइश’ने समोरच्याने केलेल्या विधानाला दुजोरा मिळतो, किंवा आपले लक्ष आहे एवढेच कळते. ‘आज थंडी आहे, नाही?’ या अर्थाने कोणी बोलले की ‘पोइश श्ता’, म्हणजे ‘आहे ना’, हे उत्तर चपखल बसते. मात्र ज्याचे उत्तर विचारणाऱ्याला खरोखरच ठाऊक नाही, अशा प्रश्नाला नुसते ‘पोइश’ म्हटले तर तो गोंधळतो. फोनवर दुसऱ्याची लांबलचक हकिगत ऐकताना ‘पोइश, पोइश’ म्हणणारा माणूस आपल्या ‘हं, हं’चेच काम करत असतो. त्यातून संमती गृहीत धरू नये, कारण पुढे ‘माश’, म्हणजे ‘पण’, येण्याची शक्यता दाट असते.

गंमत अशी, की खऱ्या प्रश्नालाही पोर्तुगीज माणूस पुष्कळदा ‘सीं’ न म्हणता क्रियापदच परत करतो. ‘केरश काफे?’ याला ‘केरु’. मराठी माणसाला हे शिकवावे लागू नये. ‘कॉफी घेतोस का?’ याला आपणही ‘घेतो’ म्हणतो, आणि पुरुष बदलताच रूप बदलते तेही तसेच. नुसते ‘सीं’ तिथे काहीसे कोरडे वाटते.

खरी कसोटी जोडशब्दांत लागते. ‘पोइश सीं’ दिसायला दुहेरी होकार आहे, पण त्याचा सूर बहुधा ‘हो हो, कळलं!’ असा उपरोधाचा असतो. याउलट ‘पोइश नाउं’मध्ये ‘नाउं’, म्हणजे ‘नाही’, असूनही ब्राझीलमध्ये तो अदबीचा होकार आहे: विनंती केल्यावर ‘अवश्य’, आणि दुकानदाराच्या तोंडी ‘बोला, काय हवे?’. पोर्तुगालमध्ये मात्र ‘आज थंडी नाही’ या विधानाला ‘नाहीच’ असा दुजोरा देतानाही तो ऐकू येतो. ब्राझीलमध्ये एकट्या ‘पोइश’चा तो अखंड हुंकार सहसा मिळत नाही, तिथे ‘ए’ (‘आहे’) आणि ‘ता’ (‘बरं’) यांवरच बरेचसे भागते.