आमसूल कुठं, राख कुठं

बेळगावातल्या आमच्या शहापूरच्या घरी सार गाळून उरलेली आमसुलं कुणी टाकत नसे. मोरीच्या कट्ट्यावर एका फुटक्या वाटीत ती साठत जायची. चतुर्थीच्या आदल्या दिवशी आज्जी ती वाटी, चिमूटभर मीठ आणि देवाची भांडी घेऊन बसायची. काळवंडलेल्या तांब्याच्या कलशावरून आमसूल फिरलं की बोटामागं गुलाबी पट्टा उघडा पडायचा. तेलकट कढईला मात्र चुलीतली राख. आणि जर्मनच्या पातेल्याकडं राखेचा हात गेला की ओरडा ठरलेला, "त्याला नको लावूस गं, काळं पडतंय ते!"

आज्जीला रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण तिची वाटणी बिनचूक होती. तांब्यावरचा काळपट थर हा तांब्याचा ऑक्साईड. तो आंबट पदार्थात विरघळतो, खालच्या धातूला त्या मानानं फारसा धक्का लागत नाही. खानापूरच्या जंगलपट्ट्यातून येणाऱ्या आमसुलात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असतं, चिंचेत टार्टारिक, लिंबात सायट्रिक. मीठ खरखरीतपणा देतं, शिवाय थर सुटायला मदत करतं. घासून झाल्यावर भांडं लगेच धुऊन कोरडं पुसायचं, नाहीतर राहिलेल्या आंबटपणानं ते पुन्हा डागाळतं.

तेलाचं तंत्र उलटं. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. ओली केली की ती अल्कधर्मी होते आणि तेलातल्या आम्लांचा थोडासा साबणच तयार करते. आता गॅसच्या घरात राख कुठली? तिचं काम धुण्याचा सोडा करतो. खायचा सोडा त्याच्यापुढं अगदीच मवाळ: पाण्यात त्याचा पीएच (हा आकडा 7 च्या जितका वर, तितका पदार्थ जास्त अल्कधर्मी) 8 च्या आसपास, तर धुण्याच्या सोड्याचा 11 च्या घरात. म्हणून ओट्यामागच्या चिकट टाइल्सना गरम पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा, पण हातमोजे घालून.

जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, कोडं सुटायला आपल्याच यमनापूरला जावं लागतं. तिथल्या कारखान्यात बॉक्साइटमधला ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचा ऑक्साईड, गरम कॉस्टिक सोड्यात विरघळवून वेगळा काढतात. ही बायर पद्धत 1888 सालची. पातेल्याला जपणारा पातळ थरही ॲल्युमिनाचाच. राख किंवा धुण्याचा सोडा लावला की तो थर सुटतो आणि भांडं काळं पडतं. मोरीतही कारखान्याचंच रसायनशास्त्र, फक्त सौम्य.

राकसकोप तलावाच्या पाण्यावर ज्यांचं भागतं त्यांना नळावरचा पांढरा थर फारसा छळत नाही. बोअरवाल्यांना विचारा! तो थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. पिळलेल्या लिंबाची साल नळाच्या तोंडावर अर्धा तास बांधून ठेवली की बारीक बुडबुडे येत तो सुटतो. हाच उपाय शहाबादी फरशीवर करू नका. ती फरशीच मुळात चुनखडी. डागाबरोबर तिची तकाकीही जाईल.

व्हिनेगर आणि सोडा एकत्र ओतायची मोबाईलवरची टूम मला पटत नाही. फेस बघायला झकास, पण एकानं दुसऱ्याला मारलेलं असतं. उरतं सोडियम ॲसिटेटचं खारट पाणी. ते निदान निरुपद्रवी तरी आहे. ब्लीचमध्ये संडासचं ॲसिड, लिंबू किंवा व्हिनेगर पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. या बाटल्या एकामागोमागसुद्धा वापरू नयेत.

राहिलं आज्जीचं सार. ज्या आमसुलांनी ती कलश घासायची, त्यांचं सार तांब्याच्या पातेल्यात कधीच करत नसे. थर विरघळवणारं तेच आम्ल तांबं सारात उतरवतं. कल्हईवाला नुकताच येऊन गेला असेल, तरच ते पातेलं चुलीवर चढायचं.